पत्रपेटी : विणणाऱ्यांचे देणेघेणे

दिवाळी सरून थंडी पडू लागली की या सदराकडे लोकरीची पत्रे येऊ लागतात. या वेळी बेळगाव शहर, निपाणी, खानापूर आणि हल्याळ येथून आलेली पाच पत्रे निवडली आहेत. आपल्या हातचे विणलेले दुसऱ्याला कसे द्यावे, कधी देऊ नये आणि दुसऱ्याकडून कसे घ्यावे, याभोवती ही पाचही पत्रे फिरतात. जागेअभावी ती थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही आठ-दहा जणी दर गुरुवारी दुपारी एकीच्या घरी विणायला बसतो. नातवंडांची टोपडी-मोजे करून झाली. आता सरकारी रुग्णालयात जन्मणाऱ्या बाळांसाठी टोपडी, पायमोजे आणि पांघरुणे विणून द्यावीत असे मनात आहे. परदेशात कमी दिवसांच्या बाळांजवळ क्रोशाचे ऑक्टोपस ठेवतात, असे एका मैत्रिणीने मोबाइलवर पाहिले. तेही करावे का? – एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : सुया हातात घेण्यापूर्वी रुग्णालयात एक फेरी मारा. नवजात बालकांच्या विभागातील मुख्य परिचारिकेची वेळ घेऊन भेटा, आणि आम्ही अमुक आणून देतो असे सांगण्याऐवजी तुम्हाला काय कमी पडते असे विचारा. बहुधा उत्तर ‘टोपडी’ असेच मिळेल. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि तेथून ऊब लवकर निघून जाते; अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर ती धरून ठेवायला पुरेशी चरबीही नसते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या, म्हणून तेथील डॉक्टरांनी अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. आज आपल्याकडेही चालणारी ‘कांगारू मदर केअर’ पद्धत ती हीच. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर ही पद्धत सुरू करावी आणि दिवसातले ८ ते २४ तास बाळाला असे ठेवावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपडे एवढेच असते. तेव्हा टोपड्याचे काम तेथे रोजचे आहे आणि ते सतत धुतले जाणार आहे, हे धरूनच विणायला बसावे.

आता माप. आपल्याकडे बारशाच्या बाळंतविड्यातले टोपडे वाढत्या अंगाचे करतात, दोन-तीन महिन्यांनी नीट बसले तरी कोणाची तक्रार नसते. रुग्णालयात तसे टोपडे डोळ्यांवर घसरते आणि परिचारिका ते बाजूला काढून ठेवते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो, तर अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाचा २५-२६ सेंटिमीटरच्या आसपास. घेरापेक्षा थोडे लहान, दोन सुलट दोन उलट अशा विणीचे टोपडे ताणूनही बसते आणि सैलही पडत नाही. गोंडे, रिबिनी, बटणे आणि मणी लावू नका. जाळीची नक्षी कितीही सुंदर दिसली तरी तिच्यात बोट अडकते, म्हणून वीण भरीवच ठेवा. पायमोजे करणार असाल तर एकदा आतली बाजू बाहेर काढून बोटाने चाचपून पाहा. आतल्या बाजूला सुटलेला एखादा धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला, तर तेथला रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि बाळाला ते रडण्याखेरीज सांगता येत नाही. लोकरीची टोके सुईने विणीत आतपर्यंत ओवून मगच कापा.

लोकर कोणती, हे त्या परिचारिकेलाच विचारा. एका गोष्टीचे भान मात्र आपण ठेवावे. रुग्णालयातले कपडे गरम पाण्यात धुतले जातात. खरी लोकर गरम पाण्यात आटून नमद्यासारखी घट्ट होते, तर दुकानात आपण सरसकट लोकर म्हणून जी घेतो ती बहुतेक ॲक्रिलिक असते. ती पाण्याला टिकते, पण तापलेल्या इस्त्रीखाली कायमची लोळागोळा होते. मऊ सुती धागा सर्वांत निर्धोक. तंतू उडणारी, केसाळ लोकर तर आणूच नका. विणून झाले की बिनवासाच्या साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत माप लिहून द्या. पांघरुणे त्यांनी मागितली तरच करा, कारण झोपलेल्या बाळाभोवती सैल कापड नसावे असेच डॉक्टर सांगतात. घरी गेलेल्या निरोगी बाळालाही घरात झोपवताना टोपडे घालून ठेवू नये, आपल्याकडे मार्च लागल्यानंतर तर नाहीच नाही; तेवढी सूचना पिशवीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलीत तर फार बरे होईल.

ऑक्टोपसचा उपक्रम २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाला. त्याचे गुंडाळलेले पाय बाळाला नाळेसारखे वाटतात आणि बाळ नळ्यांऐवजी ते धरून राहते, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना गोड आहे, पण बाळाच्या प्रकृतीला त्याने लाभ होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. जेथे तो वापरतात तेथेही नियम कडक आहेत: धागा सुतीच हवा, पाय ताणून मोजल्यावर २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, आणि वस्तू ६० अंशांच्या पाण्यात धुता आली पाहिजे. डॉक्टरांनी आपणहून मागितल्याशिवाय यात पडू नका. तेवढ्या वेळात आणखी टोपडी होतील.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. टोपडी देताना बाळंतिणींच्या खाटांशेजारी उभे राहून फोटो काढू नका. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला नको म्हणण्याचे त्राण नसते, आणि पुढे तो फोटो कोणाकोणाच्या मोबाइलवर फिरेल यावर तिचा काही ताबा राहत नाही. पिशवी परिचारिकेच्या हाती द्या आणि परत या.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. एका सहकारी शिक्षिकेच्या मुलाला स्वेटर विणून दिला, तेव्हापासून सगळ्यांचीच मागणी सुरू झाली. ‘लोकर आम्ही आणून देतो, तुम्हाला काय, बसल्या बसल्या होते,’ असे म्हणतात. मुख्याध्यापकांच्या पत्नीचाही निरोप आला आहे. नाही म्हटले तर शिष्टपणा दिसेल आणि हो म्हटले तर माझे उन्हाळ्यापर्यंतचे सगळे रविवार जातील. – एक वाचक, निपाणी

उत्तर : ‘बसल्या बसल्या’ म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब मांडते. मध्यम जाडीची लोकर घेतली तर शंभर सेंटिमीटर छातीच्या स्वेटरच्या पाठीला साधारण ११० टाके लागतात, आणि ६५ सेंटिमीटर लांबी भरायला १९५ ओळी. पाठ आणि पुढा मिळून ४०,००० च्या वर टाके झाले. सराईत हात मिनिटाला ३० टाके घालतो असे धरले, तरी हे अखंड एक दिवस-रात्रीचे काम होते. यात बाह्या, गळ्याची पट्टी, मुंढ्याची जोडणी आणि चुकून उसवावे लागलेले काहीच धरलेले नाही. लोकर आणून देणाऱ्याने या कामातला सर्वांत सोपा भाग उचललेला असतो.

तुम्ही पहिला स्वेटर आपणहून दिलात, त्याचा आनंद तुमचा तुम्हाला मिळाला. पुढचे स्वेटर निरोपावरून होऊ लागले तर ती वेठ झाली, आणि वेठीच्या विणीत हात घट्ट होतो, हे कोणतीही विणणारी बाई सांगेल. सगळ्यांना एकच उत्तर द्या, म्हणजे कोणाला वेगळे वाटणार नाही: ‘स्वेटर विणून देणे आता मला जमणार नाही, पण शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसू या, मी शिकवते.’ मागणाऱ्यांपैकी निम्म्याजणी तेथेच गळतील. ज्या येतील त्यांच्याबरोबर पैरा करता येईल. आपल्या भागात शेतकरी आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या असे पैऱ्याने काम करतात. तसे एकीने बाह्या विणाव्यात, दुसरीने त्या बदल्यात तिच्या वर्गातल्या मुलांच्या पेपरांची बेरीज तपासून द्यावी. मुख्याध्यापकांच्या पत्नींनाही हेच उत्तर द्या. त्यांच्यासाठी वेगळे उत्तर ठेवलेत तर बाकीच्यांना दिलेल्या उत्तराला काही अर्थ राहणार नाही.

आणि ज्यांना मनापासून विणून द्यावेसे वाटते, त्यांना जरूर द्या. कोणी मागितले म्हणून तेही बंद करावे असे मुळीच नाही.

प्रश्न : माझ्या बहिणीचा एक स्तन कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काढावा लागला. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन तिला जड आणि गरम वाटतो. विणलेला मिळतो असे ऐकले आहे. मला क्रोशा येतो. मी तिच्यासाठी करू शकेन का? – एक वाचक, कॅम्प, बेळगाव

उत्तर : नक्की करू शकाल. अमेरिकेत २०११ पासून स्वयंसेवक असे स्तन विणून विनामूल्य देतात आणि भारतात ‘निटेड नॉकर्स इंडिया’ या नावाने हेच काम चालते. त्यांच्याकडे मागणीही नोंदवता येते. स्वतः करणार असाल तर मऊ सुती धागाच घ्या, कारण लोकर त्या नाजूक त्वचेला टोचते आणि घामाने खाज सुटते. आत पॉलिस्टरचा कापूस भरतात. मागच्या बाजूला एक बारीक फट ठेवून दोरी ओढून बंद करता येईल अशी सोय करा, म्हणजे कापूस कमी-जास्त करून दुसऱ्या बाजूशी बरोबरी साधता येते आणि धुताना तो काढूनही ठेवता येतो. गाठी त्वचेच्या बाजूला येऊ देऊ नका. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच तिने तो वापरावा. माप मात्र तिला एकटीला गाठून, दार लावून विचारा. घरातल्या चारचौघांत हा विषय काढू नका.

प्रश्न : माझ्या सासूबाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्यांच्या ट्रंकेत लोकरीचे तीसेक गुंडे, डांबराच्या गोळ्या आणि माझ्या यजमानांसाठी विणायला घेतलेला एक अर्धा स्वेटर सापडला. पाठ पूर्ण आहे, पुढा मुंढ्यापर्यंत आला आहे आणि टाके अजून सुईवरच आहेत. मला विणायला येते, पण त्यांच्यासारखे नाही. तो मी पुरा करावा की तसाच ठेवावा? आणि उरलेल्या लोकरीचे काय करू? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी यजमानांना विचारा. काहींना आईच्या हातचा तो अर्धा स्वेटर तसाच ट्रंकेत हवा असतो, आणि मग आपण घाईने केलेली चांगली गोष्ट त्यांना जन्मभर सलते. ते हो म्हणाले तर पुढचे वाचा.

प्रथम ते टाके सुरक्षित करा. दुसऱ्या रंगाचा गुळगुळीत दोरा जाड सुईत ओवून सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून काढून घ्या. मग विणकामाची सुई निसटली तरी खाली काही उसवणार नाही. नंतर पाठीवर मोजपट्टी ठेवून दहा सेंटिमीटरात किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा, आणि त्याच लोकरीचा हातभर नको, वीतभर चौकोन तुमच्या हाताने विणून तेच मोजा. सासूबाईंचे बावीस टाके आले आणि तुमचे वीसच आले तर तुमचा हात सैल आहे. त्यांनी १० नंबरच्या सुया वापरल्या असतील तर तुम्ही ११ नंबरच्या घ्या, कारण आपल्याकडच्या या जुन्या क्रमांकांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. एवढे करूनही मुंढ्यापाशी एक पुसट आडवी रेघ दिसेलच. उजेडाकडे धरले की तिच्या खालची वीण एका हाताची आणि वरची दुसऱ्या हाताची आहे हे कळते. ती रेघ झाकण्यासाठी खालचे उसवू नका, एवढीच माझी विनंती. कोणी विचारले तर रेघेच्या खालचा भाग सासूबाईंचा म्हणून सांगा.

तुमचा हात धजत नसेल तर गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला सांगण्यात संकोच नको. अमेरिकेत २०२२ मध्ये दोघीजणींनी ‘लूज एंड्स’ या नावाचा एक उपक्रम सुरू केला. मरण पावलेल्यांच्या हातून अर्धे राहिलेले विणकाम तेथे अनोळखी स्वयंसेवक एक पैसा न घेता पूर्ण करतात आणि घरच्यांना परत देतात. आपल्याकडे त्यासाठी संस्थेची गरज पडू नये. खानापूरच्या बाजारपेठेत लोकर विकणाऱ्या दुकानात चौकशी केलीत तर तालुक्यात कोणाचा हात कसा आहे, ते दुकानदाराला पाठ असते.

आता गुंडे. आधी लोकर खरी की ॲक्रिलिक, ते पाहा. वीतभर धागा चिमट्यात धरून परातीवर पेटवा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून टोकाला कडक मणी धरते. खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून ती पूर्ण उलगडून उन्हात घाला आणि खाल्लेले भाग काढून टाका. गुंड्यांवर कागदी पट्टी शिल्लक असेल तर लॉट क्रमांक वाचा. एकच रंग वेगवेगळ्या लॉटमध्ये किंचित वेगळा येतो, हे स्वेटर अर्धा झाल्यावर कळले तर पंचाईत होते.

एका रंगाचे पुरेसे गुंडे नसतील तर चौकोनांचे पांघरूण करा. अमेरिकेत १९९१ पासून ‘वॉर्म अप अमेरिका’ नावाची मंडळी सात इंच बाय नऊ इंचांचे तुकडे अनेकींकडून गोळा करून पांघरुणे जोडतात आणि गरजूंना देतात. भारतात चेन्नईला २०१६ मध्ये ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ठिकठिकाणच्या स्त्रियांनी केलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण मांडले. गिनीजच्या पुस्तकात त्याची जगातील सर्वांत मोठे म्हणून नोंद झाली. खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी स्त्रियांची कवंदी किंवा आपल्या घरातली वाकळ तुम्ही पाहिलेलीच आहे, त्यामुळे तुकड्यांतून पांघरूण कसे उभे राहते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

द्यायचे कोणाला, हे अंगणवाडी सेविकेला विचारा. जांबोटी-कणकुंबीकडे किंवा भीमगडच्या रानातल्या गवाळी, कोंगळा, पास्तोली अशा गावांत पावसाळ्यात कपडा दिवसेंदिवस वाळत नाही, तेथे जून-जुलैत जाड लोकरीचे काही नेऊन उपयोग नाही. डिसेंबरची थंडी सुरू होताना न्या. मुलांसाठी कानटोप्या करणार असाल तर मुले असतील त्यापेक्षा चार-पाच जास्त करा आणि टोपल्यात ठेवून ज्याला जी हवी ती उचलू द्या. दात्याने वाटलेली टोपी पोर मुकाट्याने घालते, पण दोन टोप्या डोक्यावर चढवून पाहून तिसरी निवडली की ती त्याची होते आणि हरवतही नाही. शेवटच्या पोरालाही निवड मिळावी, म्हणून त्या चार-पाच जास्तीच्या.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. थंड प्रदेशात नेमणुकीवर असताना हातविणीच्या कानटोपीची किंमत कळली, तेव्हापासून शिकायचे मनात होते. शेजारच्या कन्नड भाषिक अक्का मला शिकवत आहेत. फी घ्या म्हटले तर त्या रागावतात. ओसरीवर विणायला बसलो की येणारे-जाणारे हसतात ते वेगळेच. अक्कांची परतफेड कशी करावी? – एक वाचक, हल्याळ

उत्तर : हसणाऱ्यांचे आधी सांगते. युरोपात एके काळी सुयांवर विणणाऱ्या कारागिरांचे संघ पुरुषांचेच होते, आणि पेरूमधील ताकिले बेटावर आजही पुरुष टोप्या विणतात; त्या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मानाचे स्थान दिले. दोन्ही महायुद्धांत जखमी सैनिकांना रुग्णालयात विणायला शिकवीत, म्हणजे हाताला काम आणि मनाला विसावा मिळे. चीन युद्धाच्या वेळी, १९६२ मध्ये, देशभरच्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणून पाठवले होते. एका निवृत्त जवानाने आता स्वतः सुया हातात घेतल्या, तर त्यात हसण्यासारखे काय आहे, ते मला तरी दिसत नाही. ओसरी सोडू नका.

अक्कांना पैसे देण्याचा आग्रह थांबवा. शेजारधर्माने दिलेल्याला भाव लावला की देणाऱ्याला लाज वाटते, आणि त्यांचा राग त्यातलाच आहे. त्यांच्या अडचणी कोणत्या, ते पाहा. वय झालेल्या विणणाऱ्या बाईची पहिली अडचण बहुधा डोळ्यांची असते: गडद रंगाच्या लोकरीवर संध्याकाळी टाका दिसत नाही. मान वाकवता येईल असा एक चांगला दिवा त्यांच्या खुर्चीजवळ बसवून द्या. हुबळी किंवा बेळगावला जाणे झाले तर त्यांना हव्या असलेल्या रंगाची लोकर आणा. तिचे पैसे त्यांनी दिले तर घ्या, कारण तेथे नको म्हटलेत तर पुढच्या वेळी त्या सांगणार नाहीत. त्या ‘ओंदु, एरडु, मूरु’ असे टाके मोजत असतील तर तुम्हीही तसेच मोजायला शिका. शिकवणारीच्या मोजणीत आपली मोजणी मिसळली की टाका कोठे चुकला ते दोघांनाही पटकन सापडते, आणि सीमाभागात एवढे कन्नड कोणालाही जड नाही.

पहिली वस्तू पुरी झाली की ती त्यांना देण्याचा मोह होईल. ती देऊ नका, कारण पहिल्या वस्तूत सुटलेले टाके असतात आणि त्या बिचाऱ्या भिडेपोटी वापरतील. तिसरी-चौथी कानटोपी नीट जमेल, ती द्या. तत्पूर्वी त्यांच्या अंबाड्याचा घेर धरून माप घ्या, बायकांच्या कानटोपीत ते नेहमी विसरले जाते. सुयांविषयी तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे: नवशिक्याने बांबूच्या घ्याव्यात, स्टीलच्या सुयांवरून टाके लवकर घसरतात.